थंडीची सवय असलेले द्राक्ष



कोलकात्यास चौरंगीवरून जाताना भारतीय संग्रहालयाची भव्य इमारत आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. 1883 च्या डिसेंबरात त्याच परिसरात आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. तेथे मांडलेल्या हिंदुस्थानी वाइनची वाखाणणी झाली. त्या काळी काश्मीरात आणि आपल्या बारामतीच्या बाजूसही वाइनसाठी द्राक्षमळे लावले होते, हे ऐकून आजच्या बारामतीकरालाही नवल वाटेल! पुढे फायलोक्झेरा ही मुळांचा रस शोषणारी कीड आली आणि मळे उजाड झाले. अमेरिकी वेलीच्या खुंटावर कलम बांधणे हा त्यावरचा उपाय.

मद्यपानाची भलावण करावयास मी आलेलो नाही. बोलावयाचे आहे ते एका वेलीच्या स्वभावाविषयी. फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातील ‘पिनो न्वार’ हे काळे द्राक्ष. घड पाइनच्या शंकूसारखा घट्ट, म्हणून ‘पिनो’. साल इतकी पातळ की पावसाने घड कुजतो. वेल लवकर फुटते, म्हणून वसंतातले हिमही तिला बाधते. बरे, ऊन द्यावे तर साखर भराभर चढते, आंबटपणा ओसरतो आणि सुगंध तयार होण्यापूर्वीच फळ पिकून जाते. म्हणून ती रमली ओरेगॉनात, टास्मानियात, न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडे. जेथे फळ सावकाश पिकते तेथे.

आमच्या नाशिकची गोष्ट उलटी. तेथे वेलीस हिवाळी झोप अशी मिळतच नाही. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि फळ हाती येते ते ऊन तापू लागताना. मग या द्राक्षाचे तेथे काय काम? पण फेसाळ वाइनसाठी घड पुरता पिकण्याआधी, आंबटपणा शाबूत असतानाच खुडतात. त्यामुळे दिंडोरीकडे या वाणाचा उपयोग झाला आहे. तांबडी पिनो न्वार मात्र निराळी. केवळ मोठ्या नावाच्या मोहाने कोणी द्राक्षबागाईतदाराने तिच्यासाठी कर्ज काढू नये, असे मला स्पष्ट वाटते. वेल फळावर येईपर्यंत काही वर्षे जातात, आणि चूक कळते ती त्यानंतर! सोसायटीचा हप्ता काही तोवर थांबत नाही. उंचावरील हिमालयी उतारांवर प्रयोग करावयाचा तर त्याला अर्थ आहे.

गेल्या वैशाखात बालीगंजला एका स्नेह्यांकडे जेवणास गेलो होतो. परदेशातून आलेली अशीच एक बाटली त्यांनी सकाळपासून टेबलावर ठेवली होती. तांबडी वाइन खोलीच्या तपमानास द्यावी, असे पुस्तकात होते ना! पण ती खोली युरोपातल्या जुन्या, थंडगार घरातली. बालीगंजच्या खोलीत तेव्हा पारा 35 अंशांवर होता. पेल्यात सुगंध कसला, नुसता उग्र दर्प. वहिनींनी निमूटपणे बर्फ घातलेल्या पाण्याचे पातेले आणले आणि बाटली त्यात बुडविली. पंधरा मिनिटांनी यजमान पुन्हा पेला हुंगून पाहत म्हणाले, “अहो, ही तीच का?”