उदाहरणाच्या वाक्यात कोण असतं?



२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. पण वेळापत्रकात तास आला म्हणून मुलांच्या तोंडी भाषा येत नाही. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. आज मी फक्त एका गोष्टीबद्दल बोलणार आहे. नवा शब्द शिकवताना आपण फळ्यावर जे वाक्य लिहितो, त्याबद्दल.

आपल्या मुलांना मराठी परकी वाटते. पण कागद, शाई, तारीख, वकील, हक्क हे मराठी शब्द त्यांच्या घरातही आहेत. फारसी-अरबीतून ते मराठीत आले, रुळले. काहींचा अर्थ मात्र बदलला. उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कचेरी, मराठीत 'दप्तर' मुलांच्या पाठीवर असतं. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव. मग 'प्रयत्नांची शिकस्त केली' हे वाचून मूल गोंधळणारच. तिथे वाक्य पूर्ण द्यावं लागतं: 'सामना जिंकण्यासाठी मुलींनी प्रयत्नांची शिकस्त केली.'

वाक्य चांगलं आहे की नाही, हे कसं ओळखायचं? त्यातला नवा शब्द झाकून बघा. 'रफिक प्रामाणिक आहे.' इथे 'प्रामाणिक' झाकला तर उंच, आजारी, हुशार, काहीही बसतं. म्हणजे वाक्याने काही शिकवलं नाही. आता हे बघा: 'रफिकने सापडलेलं पाकीट पैशांसकट मालकाला परत दिलं. तो प्रामाणिक आहे.' आता मूल अर्थ स्वतः शोधतं.

शब्दाची जोडीही वाक्यातच कळते. उर्दूत 'फैसला करना', म्हणून मुलं 'निर्णय केला' म्हणतात. मराठीत निर्णय घेतात, हरकत घेतात, दखलही घेतात. तक्रार मात्र करतात. हे नियम पाठ करून येत नाही, चार वाक्यं ऐकून येतं.

आणि आता माझा खरा मुद्दा. वाक्यात माणसं कोण आहेत? सलमा फक्त शिरखुर्म्याच्या वाक्यात येते का? आई प्रत्येक वेळी भाकरीच करते का? मी लिहिते: 'सलमाने ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न मांडला.' 'आईने रेशन दुकानदाराकडे पावती मागितली.' 'अन्वर आणि गणेशने मिळून अर्ज लिहिला.' शब्द तर कळतोच, शिवाय हा शब्द आपणही वापरायचा असतो, हे मुलीला कळतं. आपल्या घरांत अनेकदा हीच मुलं आईचे फॉर्म भरतात, सरकारी कागद वाचून दाखवतात. 'रहिवासी', 'पात्र', 'मुदत' हे शब्द अडले, तर त्या घराचं काम अडतं.

म्हणून एक विनंती. या आठवड्यात घरी आलेल्या एखाद्या कागदातले पाच शब्द निवडा. प्रत्येकाची दोन वाक्यं तुम्ही सांगा, तिसरं मुलांना करू द्या. ते वाक्य चुकलं तरी आधी पूर्ण ऐका, मग दुरुस्त करा.