साडेतेराशे किलोमीटर



मोहालीच्या विमानतळापासून मुंबईचं हवाई अंतर साधारण १,३५० किलोमीटर. जेट विमान उंचावर ताशी आठशेच्या आसपास धावतं, म्हणजे हिशेबाने पावणेदोन तास पुरावेत. तिकिटावर मात्र अडीच तासांच्या आसपासचा आकडा असतो. वरचा पाऊण तास जातो कुठे?

विमान जागचं हललं की वेळ मोजू लागतात आणि पलीकडे ते उभं राहीपर्यंत मोजतात. धावपट्टीपर्यंतची संथ वाट, चढण, उतरण, सगळं त्यात आलं. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. मग आकाशात रांग लागते. खिडकीतून तीच खाडी दुसऱ्यांदा दिसली की समजावं, आपला नंबर यायचाय.

अंतर तेवढंच राहतं, वेळ ठरवतो तो मधला मुलूख. आपल्या माणसांना हे १७६० साली फार महागात पडलं. सदाशिवरावभाऊंची मराठा फौज मार्चमध्ये परतुराहून निघाली, ती पानिपतला पोचली ऑक्टोबरअखेर. पानिपत इथून, मोहालीहून, सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत आहे. जड तोफा, बाजारबुणगे, तीर्थयात्रेला निघालेली बायकामुलं असा सगळा पसारा बरोबर; त्यात पावसाळ्यात यमुना दुथडी भरलेली, पलीकडे उतार मिळेना. आणि १४ जानेवारी १७६१ च्या तिथल्या संहाराची बातमी? ती एका सावकाराच्या जासुदाकडून २४ जानेवारीला भेलशाजवळ नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडली. सरळ रेषेतच साडेसहाशे किलोमीटर, दहा दिवसांत! एकट्या जासुदाला ना तोफा ओढायच्या होत्या, ना लष्कर नदीपार न्यायचं होतं.

आज नदी आडवी येत नाही, सरहद्द येते. इथून दुबई सुमारे २,२०० किलोमीटर, पण सरळ रेषा पाकिस्तानवरून जाते. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि राजस्थान-गुजरातवरून वळसा घेणं भाग पडलं. मे महिन्यात तर उत्तर व पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीला बंद होते, त्यांत आपलाही होता. इथली धावपट्टी हवाई दलाची आहे, हे इथे राहणाऱ्याने विसरू नये.

आणि धुकं. इथल्या आयसर या विज्ञानसंस्थेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना मी कळकळीने सांगतो, डिसेंबर-जानेवारीत घरी जाताना स्वस्त मिळतं म्हणून पहाटेचं विमान घेऊ नका. दुपारचं घ्या, तोवर धुकं बहुधा विरलेलं असतं. मुंबईहून पुढे रत्नागिरीची किंवा कोल्हापूरची गाडी पकडायची असेल तर मधे एक रात्र हाताशी ठेवा, आणि घरच्यांना पोचायची वेळ सांगताना दोन तास जास्तच सांगा.