ओळखणे वेगळे, आठवणे वेगळे
(गणेशोत्सवातील गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात दिलेले व्याख्यान)



सत्काराची यादी वाचली जात होती तेव्हा माझे कान एकाच गोष्टीकडे होते. कोणी एमबीबीएसला चालले आहे, कोणी बीएएमएसला, कोणी फिजिओथेरपीला, कोणी नर्सिंगला. वाटा वेगळ्या, पण पहिल्या वर्षी दोन विषय सगळ्यांच्या वाट्याला येणार: शरीररचना आणि शरीरक्रिया, म्हणजे तुमच्या भाषेत ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी. माझे आयुष्य ॲनाटॉमी शिकवण्यात गेले. म्हणून कार्यकर्ते म्हणाले, "मॅडम, हा अभ्यास कसा करायचा ते मुलांना सांगा. पण वेळेत आटपा, नंतर आरती आहे."

तर आरतीपासूनच सुरुवात करते. आपल्यापैकी किती जणांना शंकराची आरती पाठ आहे? बघा, बहुतेक सगळे हात वर झाले. आता यांच्यातल्या कोणी एकट्याने पुढे येऊन दुसरे कडवे म्हणून दाखवा. हात खाली आले! लाजू नका, माझेही तेच होते. दहा दिवस सगळ्यांबरोबर आपण आरती खणखणीत म्हणतो, कारण शेजारचा पहिला शब्द उच्चारतो आणि पुढचे आपल्याला ओळखू येते. शेजारचा गप्प झाला की आपणही गप्प.

ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. मला आज एवढेच सांगायचे आहे. बाकीचे त्याचे स्पष्टीकरण समजा.

दरवर्षी हिवाळ्यात, कॉलेजची पहिली चाचणी झाली की मला आयांचे फोन येतात. "मॅडम, बारावीत इतका हुशार होता, नीटमध्ये एवढे मार्क मिळाले, आणि आता नापास झालाय. खोलीतून बाहेर येत नाही, नीट जेवत नाही." या मुलांची बुद्धी दोन महिन्यांत कुठे गेली? कुठेही गेली नाही. दोन वर्षे त्यांनी ज्या परीक्षेची तयारी केली, तिच्यात चार पर्याय समोर असतात. त्यातला बरोबर पर्याय ओळखायचा असतो. आता समोर कोरा कागद येतो, किंवा परीक्षक हातात एक हाड देतात आणि विचारतात, "बोला." तिथे शेजारचा आरती सुरू करून देत नाही.

हे मी अनुभवाने सांगते, कारण पहिल्या वर्षी मी स्वतः ॲनाटॉमीत नापास झाले होते. मी धडा तीन-तीनदा वाचला होता. पान लाल-निळ्या रेघांनी भरले होते. व्हायवाला सरांनी क्लॅव्हिकल, म्हणजे गळ्याखालचे आडवे हाड, हातात दिले आणि विचारले, "उजवीकडचे की डावीकडचे?" त्या हाडावरचा मजकूर कोणत्या पानावर आहे, हे मला डोळ्यांसमोर दिसत होते. हाड मात्र मला काही सांगेना. सरांनी एक मिनिट वाट पाहिली आणि ते हाड हळूच परत घेतले. त्या संध्याकाळी मी घरी कोणाशी बोलले नाही.

पुरवणी परीक्षेपर्यंतच्या काळात माझी खरी शिक्षिका झाली माझी आजी. ती चौथीपर्यंत शिकलेली. त्या काळी सीनियर मुलांकडून हाडांचा संच मिळत असे. तो घरी आणल्यावर आजीने पहिला हुकूम काढला, "देवघराच्या बाजूला आणायचा नाही." मग ती पेटी जिन्याखाली गेली आणि मी तिथेच चटई टाकली. आजी जवळ बसून वाती वळायची आणि म्हणायची, "पुस्तक मिट आणि सांग मला." मी अडखळले की ती म्हणे, "म्हणजे अजून आले नाही. परत बघ, परत मिट."

आजीला ठाऊक नव्हते, पण ती जे करून घेत होती ते पुढे प्रयोगांनी सिद्ध झाले. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले. काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात साधारण ५६ टक्के मजकूर होता आणि पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री तिसऱ्यांदा वाचताना "सगळे येतेय" असे जे वाटते, त्यावर विश्वास ठेवू नका. ते ओळखणे आहे.

आता रोजच्या अभ्यासात हे कसे आणायचे ते सांगते.

पहिली गोष्ट, कोरा कागद. तासाला जे शिकवले ते त्याच दिवशी एकदा नीट वाचा. मग पुस्तक मिटा आणि कागदावर आठवेल ते लिहा, काढा. हाताच्या नसांचे जाळे, ब्रेकियल प्लेक्सस, घ्या. पाच मुळे, त्यांचे तीन खोड, सहा फाटे, तीन दोर आणि शेवटी पाच मुख्य शाखा. पहिल्या दिवशी तीन खोडांपर्यंत पोचाल आणि अडाल. पुस्तक उघडा, अडलेली जागा वेगळ्या शाईने भरा. दुसऱ्या दिवशी नवा कागद घ्या. वेगळ्या शाईचा भाग रोज कमी होत गेला पाहिजे. तोच तुमचा अभ्यास मोजण्याचा काटा.

चित्र वाईट आले तरी चालेल, पण स्वतःच्या हाताने काढा. ग्रे यांचे ॲनाटॉमीचे प्रसिद्ध पुस्तक १८५८ साली निघाले. त्यातली चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर या तरुण डॉक्टरची. त्याने अवयवांची नावे चित्रात त्या त्या अवयवावरच लिहिली, म्हणजे वाचणाऱ्याची नजर दुसरीकडे जायला नको. हा कार्टर त्याच वर्षी मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी आणि फिजिऑलॉजी शिकवू लागला आणि पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. तुम्हीही तसेच करा. बाजूला एक, दोन, तीन आकडे टाकून यादी करू नका, नाव जागेवर लिहा.

दुसरी गोष्ट, थोडे थोडे आणि पुन्हा पुन्हा. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेले सर्वांत जास्त विसरायला होते ते सुरुवातीच्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात, असे त्याला दिसले. आपल्या घरांत मुलांना अथर्वशीर्ष कसे येते? एका रात्रीत कोणी पाठ करत नाही. रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर दोन ओळी, उद्या त्याच दोन आणि पुढच्या दोन. तसेच करा. आज शिकलेले उद्या सकाळी दहा मिनिटे आठवा, मग चौथ्या दिवशी, मग पुढच्या आठवड्यात, मग महिन्याने. रविवारी सात तास बसण्यापेक्षा हे कमी कष्टाचे आहे आणि जास्त टिकते.

तिसरी गोष्ट, पुस्तक तुमच्या अंगावरच आहे, ते वापरा. कोपर कशावर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. ती अल्नर नस, कोपराच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यामागून जाते. एकदा हात लावून पाहिलेत की विसरणार नाही. आत्ता तुम्ही सतरंजीवर मांडी घालून बसला आहात. मांडी घालायला मदत करणाऱ्या एका लांब स्नायूचे नाव सार्टोरियस. लॅटिनमध्ये सार्टर म्हणजे शिंपी, आणि जुने शिंपी मांडी घालूनच शिवत. पटेला म्हणजे लहान ताटली, क्लॅव्हिकल म्हणजे लहान किल्ली. अवघड वाटणारी अर्धी नावे अशी घरगुती निघतात. आणि ते माझे क्लॅव्हिकल? मी ते हाड स्वतःच्या गळ्याखाली धरून पाहिले. जाड गोल टोक छातीच्या मध्याकडे, चपटे टोक खांद्याकडे, मधल्या बाजूचा बाक पुढे आलेला, खोबण खाली. हे सगळे एकाच बाजूला जुळते. पुरवणीत योगायोगाने तेच हाड आले.

चौथी गोष्ट फिजिऑलॉजीची. ॲनाटॉमीत "कुठे" हा प्रश्न, फिजिऑलॉजीत "का" आणि "मग पुढे काय". तिथे यादी पाठ करून भागत नाही, साखळी जुळवावी लागते. रक्ताभिसरणाचा धडा मी आजीला घडाघडा सांगितला. ती म्हणाली, "छान. मग माझे पाय संध्याकाळी का सुजतात?" मी गप्प. धडा येत होता, उत्तर येत नव्हते.

दोन दिवसांनी मी उत्तर घेऊन आले. पायातले रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू मदत करतात. चालताना ते आवळले की आतल्या शिरा दाबल्या जातात, आणि शिरांमधल्या झडपा रक्ताला फक्त वर जाऊ देतात. आजी दिवसभर ओट्याशी उभी. स्नायू आवळत नाहीत, पंप बंद. मग पायाच्या शिरांतला दाब वाढतो, बारीक केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपते आणि सूज येते. रात्री आडवे झाले की उतरते. पायाला सूज हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यानेही येते, म्हणून डॉक्टरांना दाखवायचेच. पण आजीची सूज सकाळी नाहीशी व्हायची. मी म्हटले, "आजी, मधे मधे चालत जा आणि दुपारी पाय उशीवर ठेव." ती म्हणाली, "आता तुला आले."

म्हणून प्रत्येक धडा घरातल्या एखाद्या माणसाला मराठीत सांगा. आपल्या इंदूरच्या मुलांची एक गंमत असते. घरी मराठी, गल्लीत हिंदी, पुस्तकात इंग्रजी. मध्य प्रदेशात १६ ऑक्टोबर २०२२ रोजी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके निघाली, त्यांतही बरीच इंग्रजी नावे देवनागरीत तशीच ठेवली आहेत. ते बरोबरच आहे. नावे पुस्तकातली राहू द्या, पण "असे झाले म्हणून तसे झाले" ही साखळी ज्या भाषेत तुम्ही विचार करता तिच्यात जुळवा. एकदा जुळली की परीक्षेच्या भाषेत लिहायचा सराव वेगळा करा.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. मूल चाचणीत नापास झाले तर "नीटला एवढे मार्क होते" हे वाक्य कृपा करून उच्चारू नका. ते त्याला आधीच पाठ आहे. त्याऐवजी रात्री जेवण झाल्यावर म्हणा, "पुस्तक मिट आणि मला सांग." तुम्हाला त्यातले कळले नाही तर फारच उत्तम, कारण तुम्ही "का" विचाराल. आणि मूल सारखेच गप्प असेल, झोप-जेवण बिघडले असेल, तर तो विषय अभ्यासाचा राहिलेला नाही. वेळीच डॉक्टरांकडे न्या.

या शहरात वैद्यकाचे शिक्षण १८७८ पासून चालू आहे. आधी मेडिकल स्कूल, पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल, आणि १९४८ पासून महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय. इतक्या वर्षांत पुस्तके बदलली, पण शिकवणारा पहिला गुरू तोच राहिला आहे: टेबलावर शांत पडलेला माणूस. गेल्या वर्षी याच मंडपात एका काकांनी मला बाजूला बोलावले. म्हणाले, "देहदानाचा फॉर्म भरला आहे. एकच विचारायचे होते. मुले नीट शिकतात ना?" मी "हो" म्हटले. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जणू मी मनापासून बोलते आहे का हे तपासत होते.

मुलांनो, ते "हो" मी तुमच्या वतीने दिले आहे. उद्या रात्री दोन वाजता तुमच्यासमोर कोणी तरी आणले जाईल. तेव्हा पुस्तक मिटलेले असेल, चार पर्याय नसतील, आणि बाहेर बाकावर त्याची आई बसलेली असेल. त्या वेळी जे आठवेल तेवढेच तुमचे.

बरे, कार्यकर्ते तबक घेऊन उभे आहेत. मी थांबते. आज शंकराच्या आरतीचे दुसरे कडवे आले की शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका.

गणपती बाप्पा मोरया!