मजुरांची कागदपत्रे : तपासणीच्या आदल्या रात्री नव्हे, कामाच्या पहिल्या दिवशी

(निर्यातक्षम द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



फवारणीची वही आता आपण चोख ठेवतो. मजुरांची वही मात्र अजूनही तपासणीच्या आदल्या रात्री लिहिली जाते. आज तिच्याविषयीच बोलणार आहे.

युरोपातील विक्रेत्यांनी १९९७ मध्ये युरेपगॅप सुरू केले. २००७ पासून त्याचे नाव ग्लोबलगॅप झाले. त्याला जोडून होणाऱ्या ग्रास्प तपासणीत मजुरांचे वय, करार, हजेरी आणि वेतन पाहतात. मजूर मुकादमाने आणले म्हणून आपली जबाबदारी टळत नाही.

माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बागायतदाराबरोबर मी रात्री बसून हजेरीपट पुरा करून दिला. सकाळी तपासनिसाने फवारणीची वही शेजारी ठेवली. एका तारखेला फवारणी करणारा गडी हजेरीपटात गैरहजर होता! मग ते विरळणीच्या टोळीत गेले. एका मुलीला विचारले, तर ती म्हणाली, "सातवीत आहे." मुकादमाने दिलेल्या आधार कार्डाप्रमाणे ती १८ वर्षांची होती, जन्मतारीख १ जानेवारी. प्रमाणपत्र अडकले, ते पुढे मिळालेही. पण त्या मुलीची शाळा हंगामभर बुडाली, ती कोण भरून देणार? कागद पहिल्या दिवशी पाहिला असता तर ती बागेत आलीच नसती.

वयाचा पुरावा

कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही. घरच्या मुलांनी शाळा सांभाळून घरच्या शेतीत, धोका नसलेल्या कामात मदत करण्यापुरतीच सूट आहे. गुन्ह्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आधार कार्ड ही ओळख आहे, जन्मतारखेचा पुरावा नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये हे स्पष्ट केले आहे. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला पाहावा. वय लहान वाटले आणि दाखला नसेल, तर कामावर घेऊ नये.

१४ ते १८ वयाच्या मजुरांची यादी वेगळी ठेवावी. औषध कालवणे, फवारणी आणि छाटणीनंतर हायड्रोजन सायनामाइड लावणे ही कामे त्यांना अजिबात देऊ नयेत.

काय ठेवावे?

१) प्रत्येक मजुराचे एक पान : नाव, गाव, वय, पाहिलेला दाखला, कामावर आल्याची तारीख, ठरलेली मजुरी.

२) रोजची हजेरी त्याच दिवशी, कामाच्या तासांसह. फवारणीच्या वहीशी ती आठवड्याला पडताळावी.

३) मजुरी दिल्याची नोंद, मजुराच्या सही-अंगठ्यासह. पैसे मुकादमाकडे दिले तरी मजुराच्या हाती किती पडले ते लिहावे. शासनाने ठरविलेल्या किमान वेतनापेक्षा ते कमी नसावे.

४) उचल दिली असल्यास रक्कम आणि कपात.

५) मुकादमाशी लेखी करार. त्यात बालमजूर न आणण्याची अट असावी.

कागदाची प्रत ठेवून मूळ कागद लगेच परत द्यावा. उचल फिटेपर्यंत आधार कार्ड अडकवून ठेवणे म्हणजे माणसालाच बांधून ठेवणे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे.

चूक सापडली तर?

मागची तारीख घालून नोंद करू नये. राहिलेली नोंद आजच्या तारखेने, कारण लिहून करावी. लहान मूल कामावर आढळले तर त्याचे काम तात्काळ थांबवावे, झालेल्या दिवसांची मजुरी चुकती करावी आणि जवळच्या शाळेत गुरुजींना भेटावे. नुसते हाकलून दिले, तर ते शेजारच्या बागेत जाते.

पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळ्यांबरोबर लहान मुलेही असतात. फवारणीपासून दूर, सावलीत त्यांची सोय करावी.

ऑक्टोबर छाटणीची टोळी येईल त्या सकाळी कात्री हाती देण्याआधी वही उघडा. माणशी पाच मिनिटे लागतात. एवढे केले तर तपासनीस कधीही आला तरी आपली झोप उडणार नाही.