निर्वासितांच्या वसाहतीत आरोग्याची विचारपूस
(वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च आपल्यापुढे आलाच आहे. येत्या वर्षासाठी आम्ही एक नवा खर्च सुचविला आहे. त्यामागील विचार मांडण्याची अनुज्ञा असावी.

आपल्या पूर्व विदर्भात, गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९५९ साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले, आणि १९७२ साली ही वसाहत वसली. हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकणारे तिबेटी आपल्या परिचयाचे आहेत. त्यांच्या घरी कोण आजारी आहे, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही.

रुग्णालयाची नोंदवही दाराशी आलेल्यांचीच गणती करते. उत्तर भारतातील तिबेटी शाळांमध्ये २०१७ साली क्षयरोगाची घरबसल्या वाट न पाहता तपासणी सुरू झाली. धरमशाळेचे डेलेक रुग्णालय त्यात सहभागी होते. ५,३९१ विद्यार्थी तपासले गेले आणि ४६ जणांना क्षयरोग आढळला. आढळलेल्या रुग्णांपैकी सुमारे दोनतृतीयांशांना कोणतीच लक्षणे जाणवत नव्हती. म्हणजे ही माणसे आपण होऊन कोणत्याही दवाखान्यात गेली नसती.

आम्ही वाणिज्य शाखेचे. औषधांविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु त्याच तपासणीतील आणखी दोन आकड्यांपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. संसर्ग असलेल्या, पण रोग न जडलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांना प्रतिबंधक औषध देता आले. शाळांच्या कर्मचाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ३० टक्केच राहिले. ज्यांनी औषध घेतले, त्यांतील ९५ टक्क्यांनी ते पूर्ण केले. याचा अर्थ अडचण औषध पुरे करण्यात नव्हती, आरंभ करण्यात होती. प्रौढ माणूस आरंभ का करीत नाही? धंद्याचा हंगाम बुडेल म्हणून, शेजारी काय म्हणतील म्हणून, की अंगात रोगच दिसत नाही म्हणून? याचे उत्तर कोष्टकात मिळत नाही. ओसरीवर बसून विचारावे लागते.

म्हणून शिबिराआधी विचारपूस, असा आमचा प्रस्ताव आहे. हिवाळ्यात गेलो तर कमावती माणसे स्वेटर घेऊन बाहेरगावी असतील आणि घरी वृद्ध व मुलेच भेटतील. यास्तव ती परतल्यावर जावे. प्रश्न वसाहतीतील स्त्रिया व तरुणांनी आपल्याबरोबर बसून ठरवावेत, ते तिबेटी भाषेत त्यांनीच विचारावेत आणि त्या कामाचे मानधन त्यांना मिळावे. जमलेली माहिती प्रथम वसाहतीत वाचून दाखवावी, मग आपल्या मंडळापुढे यावी.

शेजारच्या मराठी गावांतही हेच प्रश्न विचारले जावेत, असा आमचा आग्रह आहे. केवळ वसाहतीतच तपासनीस फिरू लागले, तर रोगाचा शिक्का तिबेट्यांवर बसेल आणि बाजारात त्यांच्या हातचा माल घेताना गिऱ्हाईक बिचकेल. २०१४ च्या केंद्रीय तिबेटी पुनर्वसन धोरणाने शासकीय योजनांचा लाभ या लोकांपर्यंत पोहोचविण्याची दिशा दिली आहे. सरकारी दवाखान्यात ते जातात काय, तेथे भाषा अडते काय, कागदपत्रे अडतात काय, हेही त्याच फेरीत कळेल.

एका विश्वस्तांनी हा खर्च 'शिबिरे व प्रसिद्धी' या सदरात दाखवावा, असे सुचविले होते. आम्ही तो 'रुग्णसेवा' या सदराखाली धरला आहे. त्यास सभेची मान्यता मिळावी, ही विनंती.