चादरीला सुरकुती नको

बारावीचा निकाल लागला की आपल्या भिवंडीत कितीतरी घरांत एक वाक्य ऐकू येतं : "डॉक्टरकीएवढे मार्क नाहीत, मग निदान नर्सिंगला तरी घाला." आज मला या वाक्याशी भांडायचं आहे. नर्सिंग म्हणजे डॉक्टरकीचं उरलंसुरलं नव्हे. ती वेगळी विद्या आहे आणि तिला पहिल्या पसंतीनं येणाऱ्या मुली हव्या आहेत. मुलगेही हवेत, वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणतात आणि त्यांची गरज तेवढीच आहे.

नर्सिंग स्कूलमध्ये सुरुवातीला काय शिकवतात? इंजेक्शन नाही. आधी हात धुवायला शिकवतात. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, अंगठ्याचं मूळ, मनगट. मग बेड घालायला. खालची चादर कोपऱ्यांना तिरकी दुमडून गादीखाली अशी खोचायची की वर एक सुरकुती राहता कामा नये. ट्युटर चादरीवरून हात फिरवते आणि सुरकुती लागली की अख्खी चादर उपसून पुन्हा घालायला लावते. रात्री होस्टेलवरून पोरगी फोन करते, "आई, इथं नुसत्या चादरीच घालायला लावतात गं!"

त्या आईनं लेकीला पुढचं सांगावं. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याच्या माकडहाडाखाली, टाचांखाली दाब पडून रक्त पोचेनासं होतं. कातडी आधी लालसर होते, मग फाटते, आणि वेळीच पाहिलं नाही तर जखम हाडापर्यंत जाते. हा बेडसोअर. चादरीची सुरकुती, ओल, बेडवर सांडलेला बिस्किटाचा चुरा, सगळं त्याला हातभार लावतं. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ बघायची आणि बघितलेलं लिहून ठेवायचं.

परळच्या केईएम रुग्णालयात १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. त्या तिथल्याच नर्स. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोअर झाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयासमोर आलं आणि त्यांच्याबद्दलच्या २०११ च्या निकालात न्यायालयानं या सिस्टरांचं मनापासून कौतुक केलं. जुन्या सिस्टर निवृत्त होत गेल्या, नव्या येत गेल्या, आणि प्रत्येकीच्या शिक्षणाच्या सुरुवातीला होती ती अशीच चादर.

आता आपल्या गावाकडे येऊ. एकाच वेळी चार-सहा माग सांभाळणारा कारागीर कुठं धागा तुटला हे नुसत्या नजरेनं टिपतो. वॉर्डातल्या सिस्टरला हीच नजर लागते : कुणाचा श्वास बदलला, कोण आज नेहमीपेक्षा गप्प आहे. आणि दुसरी गोष्ट भाषेची. भिवंडीच्या मुलीला घरात मराठी किंवा उर्दू, शेजारी भोजपुरी, पद्मानगरात तेलुगू कानावर पडते. हे भांडवल पुस्तकातून मिळत नाही. २०२२ च्या शेवटी मुंबई, मालेगाव आणि आपल्या भिवंडीत गोवराची साथ आली. लस घ्यायला घाबरणाऱ्या आईला तिच्याच भाषेत समजावता येणं हे तेव्हा लसीइतकंच महत्त्वाचं काम होतं. सप्टेंबर २०२० मध्ये कोविड चालू असतानाच भिवंडीतली जिलानी इमारत पहाटे कोसळली. ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसाजवळ त्याच्या बोलीत "घाबरू नका" म्हणणारं कुणी हवं असतं.

मुलीनं परक्यांची अंगं पुसायची, रात्रपाळी करायची, ही कुरकुर जुनी आहे. १८९१ मध्ये मुंबईत हे शिक्षण घ्यायला आलेल्या काशीबाई गणपत यांचं नाव पहिल्या भारतीय नर्स म्हणून घेतलं जातं. त्या काळी त्यांना काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करा. रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन उभं केलं आणि लवकरच ससून रुग्णालयात बायकांना नर्सिंग शिकायला पाठवलं. आणि २६/११ च्या रात्री कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा वॉर्डाची दारं लावून २० गरोदर बायकांना पॅन्ट्रीत हलवणाऱ्या अंजली कुलथे रात्रपाळीवरच होत्या. पुढे त्यांनी कसाबविरुद्ध साक्ष दिली. रात्रपाळी नको म्हणणाऱ्यांनी त्या २० जणींचा विचार करावा.

त्रासही सांगते. खासगी रुग्णालयांत पगार अनेकदा लाज वाटावी इतका कमी असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं लहान रुग्णालयांतही महिना किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस २०१६ मध्ये केली. ती सगळीकडे पाळली जात नाही. पाय सुजतात, सणाला ड्युटी लागते. हे सगळं मुलीला आधीच सांगा, लपवू नका.

आता व्यवहाराचं. नर्सिंगचे अभ्यासक्रम असे : एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. बीएस्सीला बारावी सायन्स, त्यात बायोलॉजी हवं, आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. आर्ट्स-कॉमर्सच्या मुलींनी निराश होऊ नये, जीएनएम आणि एएनएमचं दार त्यांनाही उघडं आहे. शिक्षण झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. ती नसेल तर सिस्टर म्हणून काम करता येत नाही. नेमकं इथंच आपली माणसं फसतात. "सहा महिन्यांत नर्स व्हा" अशा पाट्या लावून क्लासवाले फी घेतात, आणि मुलीच्या हातात नोंदणीला न चालणारा कागद ठेवतात.

तेव्हा पालकहो, फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या आणि राज्य कौन्सिलच्या यादीत या संस्थेचं नाव आहे का? प्रॅक्टिकल कुठल्या रुग्णालयात होतं आणि तिथं खाटा किती आहेत? मागच्या वर्षीच्या मुलींची नोंदणी झाली का? उत्तर गुळमुळीत मिळालं तर तिथून उठा आणि दुसरी संस्था बघा.