घोरपड कुणी पाहिली?



उमरठ हे पोलादपूर तालुक्यातलं, डोंगरांच्या कुशीतलं गाव. तानाजी मालुसऱ्यांची आणि शेलारमामांची समाधी इथे आहे. माघ वद्य नवमीला इथे माणूस लोटतो. शाहीर पोवाड्यात कोंढाण्याच्या कड्यापाशी आला की पेंगुळलेली पोरंसुद्धा सावरून बसतात, कारण आता घोरपड येणार असते. यशवंती नावाची ती घोरपड कडा चढते, तिच्या दोरावरून मावळे वर जातात.

आज मला बोलायचं आहे ते कामातल्या अडचणीवर नवी युक्ती कशी काढावी, याविषयी. मग घोरपड कशाला? तर युक्ती सुचण्याबद्दलची आपली समजूत थेट या घोरपडीसारखी आहे म्हणून. कुठून तरी एक अजब जनावर येईल, कड्याला चिकटेल, आपण नुसता दोर धरायचा.

कृष्णाजी अनंत सभासदांनी राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बखर लिहिली. तिच्यात घोरपड नाही. दोन मावळे आहेत. निवडून काढलेले, रात्रीच्या अंधारात वानरासारखे कडा चढून गेलेले. त्यांनी वरून माळ लावली, म्हणजे दोराची शिडी सोडली, आणि तानाजींसह तीनशे माणसं गडावर गेली. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांपैकी कोंढाणा हा एक. तो 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री परत आला.

आता बघा, दरवाजा कसा फोडायचा हा प्रश्न घेऊन बसलं असतं तर तोफा हव्या होत्या, महिनोन्‌महिने वेढा हवा होता. तानाजींनी प्रश्नच बदलला : माणूस येईल असं कुणाच्या मनातही येणार नाही, अशी बाजू कोणती? इथवर सगळे कौतुकाने सांगतात. पण हा कडा चढता येतो, हे सांगणार कोण? माझ्या मते, ज्याचं लहानपण गुरांमागे आणि मधाच्या पोळ्यांमागे कपारींतून गेलं तोच. त्या दोघांची नावं बखरीत नाहीत. पुढे पोवाड्यात तर माणसंही गेली आणि घोरपड आली.

कचेऱ्यांतल्या बैठका मी पुष्कळ पाहिल्या. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवतात, डोकं लढवतात, पाहुणा तज्ज्ञ बोलावतात. ज्याच्या हाताखाली यंत्र रोज अडतं तो मात्र दाराबाहेर. त्यापेक्षा चहा आणणारा बरा, तो निदान आत तरी येतो.

हीच चूक मीही एका बंधाऱ्यावर केली. आमच्या शेजारच्या महाड तालुक्यातलं नाते हे मोहन धारियांचं गाव. त्यांच्या ‘वनराई’ संस्थेचं नाव ज्याला मिळालं तो वनराई बंधारा तुम्ही पाहिला असेल. पोलादपुरात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि एप्रिलात वाड्यांवर हंड्यांची रांग. पक्का बंधारा म्हटला की मंजुरी आली, निधी आला, वाट पाहणं आलं. वनराई बंधाऱ्याला घेतात काय, तर बांधकामावरच्या रिकाम्या सिमेंटच्या गोण्या. त्यांत ओढ्यातलीच माती-वाळू भरायची, पाऊस सरल्यावर धार चालू असतानाच रचायच्या. पुढच्या पावसात गेल्या तर गेल्या.

अशाच एका श्रमदानाला मी गेलो होतो. शिकलेला माणूस, म्हणून गोणी ठासून भरली, तोंड सुतळीने घट्ट शिवलं आणि रांगेत ठेवली. ती लगेच कलंडली. शेजारच्या दोन गोण्यांमधून पाणी खळखळा निघून चाललं. काठावर एक आजी घमेलं घेऊन उभी होती. म्हणाली, “ठासू नको रे बाबा. ठासलेली गोन बसत नाय. ढिली ठेव, ती आपसूक पसरते.”

पाऊण भरलेली गोणी ओली झाली की पसरते, खालच्या दोघींच्या फटीत शिरते. विटांसारखे सांधे मोडून रचली की पाण्याच्याच दाबाने घट्ट होते. हे मला पुस्तकात सापडलं असतं, नाही असं नाही. पण तिथे आम्ही दहा-बाराजण होतो, निम्मे पदवीधर, आणि पहिली रांग पूर्ण होईपर्यंत तिला एकानेही विचारलं नव्हतं. तीही बोलली नव्हती. नंतर मी म्हटलं, आजी, आधी का नाही सांगितलंत? तर म्हणे, “तुमी सायेब लोक, म्हटलं काय तरी येगळं करत असाल.”

पहिली रांग उपसून काढली. दुसऱ्यांदा रचताना आजी काठावरून बोट दाखवत होती, आणि आम्ही गोण्या हलवत होतो. उन्हं कलली तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं.